तिरळेपणा म्हणजे फक्त चष्मा नव्हे

इंदुरातल्या पालकांसाठीच्या एका लेखात तिरळेपणावर नुसता चष्मा सुचवलाय. पण डोळा पुढे आलेला असेल किंवा लहान मुलाच्या अंगावर ५ मिलिमीटरहून मोठे ६ किंवा जास्त कॉफीरंगी डाग असतील, तर आधी बालनेत्रतज्ज्ञ गाठा. असे डाग न्यूरोफायब्रोमॅटोसिस १ या जनुकीय आजाराची खूण असू शकतात, आणि त्यात डोळ्याच्या नसेवर ग्लायोमा नावाची गाठ होऊ शकते. नजर टिकून असेल तर बहुधा देखरेख पुरते. घसरू लागली तर कार्बोप्लाटिन-विन्क्रिस्टिन ही केमोथेरपीची औषधं. विन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होतो, पाऊल लोंबतं, आणि सोबत इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध दिलं तर हा त्रास फार वाढतो. म्हणून नायट्याची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका, कृपा करून! रेडिएशन या मुलांत शक्यतो टाळतात, कारण पुढे दुसरी गाठ होण्याचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडण्याचा धोका असतो. एमआरआयत गाठ तेवढीच दिसली तरी नजर मोजून घ्याच. दोन्ही नेहमी जुळत नाहीत.