फिलाडेल्फियाचा महापौर पळाला नव्हता

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय आणि न्यू जर्सीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहावं लागतंय. त्यात चार गोष्टी ठोकून दिल्या आहेत. १७९३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीतज्वराची (यलो फीव्हरची) साथ आली तेव्हा महापौर पळून गेला. काळ्या लोकांना तो ताप होत नव्हता, म्हणून शुश्रूषेच्या नावाखाली त्यांनी आजाऱ्यांना लुटलं. डॉ. बेंजामिन रश यांनी रक्त काढून शहर वाचवलं. आणि उरलीसुरली साथ बंदुकीच्या दारूच्या धुराने गेली.

आधी महापौर. मॅथ्यू क्लार्कसन १७९२ ते १७९६ या पदावर होते. पळापळ झाली हे मात्र खरं, तेवढं मान्य करावंच लागेल. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन १० सप्टेंबरला माउंट व्हर्ननकडे निघून गेले, अधिकारी गेले, गरिबांची व्यवस्था पाहणारेही बहुतेक गेले. क्लार्कसन राहिले. त्यांनी स्वयंसेवक मागवले, समिती उभी केली आणि तिचं अध्यक्षपद घेतलं. तिने बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाकडून १,५०० डॉलर कर्ज काढलं, बुश हिलच्या हवेलीतलं रुग्णालय सावरलं, अनाथ मुलांची सोय केली. समितीतल्याच स्टीफन जिरार्ड आणि पीटर हेल्म यांनी बुश हिलची जबाबदारी स्वतःहून घेतली.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझा संयम सुटतो. काळ्यांना हा ताप होत नाही, असं चार्ल्सटनच्या एका डॉक्टरच्या जुन्या लिखाणावरून रश यांनीच मानलं आणि त्याच भरवशावर त्यांना मदतीला बोलावलं. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या पुढाकाराने ती माणसं आजाऱ्यांच्या घरात शिरली, प्रेतं उचलली, आणि आजारीही पडली. १७९२ मध्ये शहरात ६७ कृष्णवर्णीयांचं दफन झालं होतं, १७९३ मध्ये ३०५ जणांचं. हे आकडे जोन्स आणि ॲलन यांनीच १७९४ च्या आपल्या पुस्तिकेत दिले. होत नव्हता म्हणे!

लुटीचा आरोप पसरवला मॅथ्यू केरी या प्रकाशकाने, साथ ओसरताच काढलेल्या पुस्तिकेतून. हे गृहस्थ समितीचे सदस्य होते, आणि निवडले गेल्यावर लवकरच शहर सोडून गेले, असं जोन्स-ॲलन स्पष्ट लिहितात. नंतर ती पुस्तिका विकून त्यांनी किती कमावलं, हेही ते विचारतात. काही जणांनी जास्त पैसे घेतले हे ते नाकारत नाहीत, पण तसं करणारे गोरेही होते. आणि सीझर क्रँकल नावाचा माणूस होता, पैशासाठी मी माझा जीव विकणार नाही असं सांगून शुश्रूषेला गेलेला. त्या कामातच तो गेला.

दोघांनी चक्क हिशेब छापला. दफनासाठी आणि आजाऱ्यांचे बिछाने पुरण्यासाठी मिळाले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्या आणि मजुरी मिळून खर्च ४११ पौंड. म्हणजे पदरचे १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स गेले. त्याच पुस्तिकेत क्लार्कसन यांचं जानेवारी १७९४ चं प्रमाणपत्र आहे: या लोकांचं काम आपण जवळजवळ रोज पाहत होतो, त्यांची मेहनत, आस्था आणि सभ्य वागणूक पाहून समाधान वाटलं. पळालेला माणूस रोज काय पाहणार? एका कागदाने फॉरवर्डचे दोन्ही आरोप निकालात निघतात.

रश शहरात राहिले, स्वतः आजारी पडले, त्यांच्या धैर्याबद्दल वाद नाही. पण सपाटून रक्त काढायचं आणि पाऱ्याचे जुलाब द्यायचे, हा त्यांचा उपचार अशक्त रुग्णाला आणखी खचवणारा होता. बुश हिलमध्ये सां-दोमँगहून (आजच्या हैतीहून) आलेले डॉक्टर जाँ देव्हेझ सौम्य उपचार करत होते. हल्ली कुणी ताप आलेल्या माणसाला 'रक्त काढून बघा' सांगू लागलं, तर तो निव्वळ इतिहासाचा गोंधळ राहत नाही.

धुराबद्दल थोडक्यात. लोक रस्त्यात शेकोट्या पेटवत, बंदुका झाडत. महापौरांनी दोन्हींवर बंदी घातली. हा ताप खरं तर डासांमुळे पसरतो: क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये डासावर बोट ठेवलं आणि अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० मध्ये क्यूबात ते सिद्ध केलं. फिलाडेल्फियातली साथ नोव्हेंबरात थंडी पडून डास मेल्यावर थांबली. तोपर्यंत सुमारे ५,००० माणसं गेली होती.