गंजलेल्या चिलखतावरच्या कमेंटला उत्तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या रोल-प्लेइंग गेममध्ये जुन्या थडग्यात सापडलेल्या चिलखताला किती कपात लावायची, ह्यावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की पाचशे वर्षं थडग्यात पडलेलं चिलखत म्हणजे गंजाचा ढीग, त्याच्या आर्मर क्लासला (म्हणजे मार लागणं किती अवघड, त्या आकड्याला) मी नुसता उणे एक देतो हा पोरखेळ आहे, आणि वर दर महिन्याला गंजाचा रोल मारायला, म्हणजे फासा टाकायला लावणं म्हणजे गेम खेळायचा की हिशेबाची वही लिहायची. वहीचं एकदम मान्य. तो रोल आमच्याच टेबलवर तिसऱ्या सेशनला बंद पडला, पोस्टमधून काढायचा राहिला, चूक माझी.

पण पहिलं नाही पटलं. नुसत्या वयावरून काय कळणार हो, वस्तू पडली कुठे होती ते बघा ना. इंग्लंडमधल्या सटन हूच्या थडग्यातलं हेल्मेट १९३९ ला मिळालं ते शेकडो तुकड्यांत, आणि १९८२ ला यॉर्कमध्ये आठव्या शतकातलं कॉपरगेट हेल्मेट निघालं ते जवळपास अख्खं, का तर ओल्या चिखलात हवाच पोचली नव्हती. दोन्ही लोखंडाची, दोन्ही हजार वर्षांच्या वरची. ग्रीसमधल्या डेंड्राचं कांस्याचं चिलखत तर साडेतीन हजार वर्षांचं आहे आणि पत्रे अजून ओळखू येतात.

आणि सगळ्यात आधी पत्रा जात नाही, चामडं जातं. प्लेट आर्मर (पत्र्यांचं चिलखत) अंगावर धरून ठेवतात ते पट्टे आणि बकल. म्हणजे कोरड्या तळघरात प्लेट चकचकीत दिसते, प्लेयर खुशीत १८ आर्मर क्लास लिहून घेतो आणि पहिल्याच मारामारीत खांद्याचा पत्रा लोंबायला लागतो, हे मला सरळ उणे पाच देण्यापेक्षा जास्त आवडतं! चेनमेलला मात्र मी दया दाखवत नाही, बारीक कड्या, सगळीकडून उघड्या, ओल लागली की एकमेकींना चिकटून गोळाच होतो.

आकडे मी मनाने नाही काढले, गेमच्या पाचव्या एडिशनमधल्या रस्ट मॉन्स्टर ह्या धातू गंजवणाऱ्या प्राण्याकडून उचललेत. त्याचा स्पर्श झाला की कायमचा उणे एक, आणि आर्मर क्लास १० वर आला की चिलखत संपलं. म्हणून कोरड्यात कपात शून्य किंवा एक, दमटात तीन, खाऱ्या पाण्यात पडलेलं असेल तर विषयच संपला. एकदाच ठरवायचं, सापडलं तेव्हा.

मॅजिक आर्मर गंजत नाही हे तुमचं बरोबर, पण त्याचे पट्टे पण मॅजिकचे धरायचे का, ह्यावरून आमच्याकडे अजून भांडण चालू आहे. तुम्ही काय करता?