पावणेतीन मिलिमीटर कमी पडलेली जिप्सी

काका, नमस्कार. (एकतीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे बनवणाऱ्या विभागात, काढून निवृत्त झालो, असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून 'काका'. 'साहेब' म्हणणार होतो, पण टूलरूममधल्या माणसाला साहेब म्हटलेलं खपत नाही, हे माझ्या मामामुळे मला लहानपणापासून माहीत आहे.)

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर काढला, तिसऱ्यांदा उठून चहा टाकला. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हासेगावा कंपनीचा सुझुकी जिम्नीचा १/२४ किट (सुटे प्लास्टिकचे भाग जोडून करायचं, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं मॉडेल) कापून, लांब करून मी त्याची मारुती जिप्सी केली आणि फोटोखाली 'तंतोतंत १९८६ ची जिप्सी' असं ठोकून दिलं. काकांचं म्हणणं असं, की लांबी वाढवलीत पण रुंदीला हातही लावला नाहीत, त्यामुळे ही धड जिम्नी नाही की धड जिप्सी नाही. शिवाय किट जोडण्यात कारागिरी कसली? खरं काम साचा बनवणाऱ्यानं केलं, तुम्ही फक्त गोंद लावला. आणि जाता जाता: "साडेतीन हजारांचं प्लास्टिक कापून खेळणंच करायचं होतं, तर तुळशीबागेत दीडशे रुपयांत मिळालं असतं."

आधी रुंदीचं बोलू. तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

किट ज्या गाडीचा आहे ती जेए११ जिम्नी जपानच्या के-कार, म्हणजे ठरलेल्या मापात बसणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, वर्गातली. त्या वर्गात तेव्हा रुंदी १४०० मिलिमीटरच्या आत ठेवावी लागे, म्हणून ती १३९५. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २०३०. आपल्या जिप्सीचा व्हीलबेस २३७५. फरक ३४५, त्याला २४ ने भागलं की १४.३७५. मी तुकडा १४.४ चा कापला, म्हणजे पॉइंट शून्य पंचवीस इथेच खाल्ले. तुमच्या नजरेतून ते सुटले असं मानत नाही, तुम्ही दया दाखवलीत. तुकडा दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढे घातला, कारण खऱ्या गाडीतही लांबी तिथेच वाढलेली आहे. इथवर सगळं जमलं होतं. पण १९८५ च्या डिसेंबरात आलेली पहिली जिप्सी, ९७० सीसीची एमजी ४१०, रुंदीला १४६० होती. ६५ मिलिमीटरचा फरक, भागिले २४, बरोबर २.७. माझं मॉडेल ५८.१ भरतं, ते ६०.८ भरायला हवं होतं.

तुमचं म्हणणं पडताळायला मी गेल्या रविवारी टेप घेऊन पर्वतीच्या बाजूला एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे एक जिप्सी बरेच महिने उभी आहे. मालकानं आधी मला आरटीओचा माणूस समजून संशयानं पाहिलं, मग टेपचं दुसरं टोक स्वतःच धरलं. भरली १५४ सेंटीमीटर! क्षणभर वाटलं, काका सापडले. पण ती १९९३ नंतरची, १३०० सीसीची, रुंद ट्रॅकवाली (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) निघाली. म्हणजे मी ते मॉडेल नंतरच्या जिप्सीचं म्हणून खपवायला गेलो असतो तर सहा मिलिमीटरनं पडलो असतो. १९८६ लिहिलं म्हणून पावणेतीनवर भागलं. 'तंतोतंत' हा शब्द मी काढून टाकला आहे.

हे दिसलं कसं नाही, याचा विचार करत होतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासमोर एका डॉक्टरांची पांढरी, ताडपत्रीच्या छताची जिप्सी लागायची. रविवारी पहाटे ती सिंहगडाकडे निघायची आणि आम्ही पोरं मागचा टायर धरून लोंबकळायचो. माझ्या डोक्यातली जिप्सी ही त्या मागच्या बाजूनं पाहिलेली: उंच, सडपातळ, किंचित डुगडुगणारी. मॉडेल अरुंद झालं तेव्हा डोळ्याला खटकलंच नाही, उलट 'हीच ती' वाटली. मी फोटो आणि आठवण यांच्यावर काम केलं, टेपवर नाही. तुमच्याकडे याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

आता मात्र तुमच्या एका वाक्याशी भांडतो. "स्केल म्हणजे मोजमाप, मोजमाप चुकलं की खेळणं." काका, या न्यायानं जगातला एकही किट पास होणार नाही, आणि याचं कारण तुमच्याच धंद्यात आहे. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण पाऊण-एक मिलिमीटर. त्याला २४ ने भागा: मिलिमीटरचा विसावा भागही धड नाही. इतक्या पातळ भिंतीत पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, वाहणारच नाही, साचा अर्धा भरून थंड होईल. म्हणून बॉडी एक-सव्वा मिलिमीटर जाड ओततात. उलटा गुणाकार केला तर माझ्या जिप्सीचा पत्रा इंचभर जाडीचा आहे! पुढची काच एक मिलिमीटरची, म्हणजे २४ मिलिमीटर. राष्ट्रपतींच्या ताफ्यात चालावी अशी. दरवाजाची फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर धरली तर इथे ०.१७ यायला हवी. तेवढी ठेवली तर पहिल्याच रंगात बुजून जाते. म्हणून आम्ही रंगाआधी ती रेघ स्क्रायबरनं मुद्दाम खोल करतो. स्केलप्रमाणे बघाल तर चूक. पण नाही केली तर गाडीला दारच नाही असं दिसतं.

रंगाचं तर विचारूच नका. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. स्केलमध्ये पाच मायक्रॉन झाले. पाच मायक्रॉनचा थर एअरब्रशनं मारून दाखवणारा अजून मला भेटलेला नाही. माझा थर माणसाच्या केसाएवढा, म्हणजे सत्तर मायक्रॉनचा बसला तरी खऱ्या गाडीवर तो पावणेदोन मिलिमीटर होईल. मेटॅलिक रंगातले चकाकते कण तर लहान होतच नाहीत. खऱ्या गाडीचा मेटॅलिक मॉडेलवर मारला की खडीचा रस्ता दिसतो. शोकेसमध्ये माझ्या जपानी गाड्या १/२४ आणि अमेरिकी १/२५ शेजारी शेजारी उभ्या असतात. जिप्सीच्या लांबीला त्या फरकानं जवळजवळ सात मिलिमीटर पडतात, आणि आजवर एकाही पाहुण्याला ते कळलेलं नाही. (तुम्हाला कळेल. तुम्ही आलात तर ते कपाट बंद ठेवीन.)

म्हणजे स्केल मॉडेलमध्ये काही मापं पाळायची असतात आणि काही मुद्दाम मोडायची असतात, आणि कुठली कुठे हे ठरवणं हेच आमचं काम. रुंदी पाळायच्या मापांतली होती. ती मी ठरवून मोडली नाही, नकळत मोडली. माझा गुन्हा तो आहे. पण काचेच्या जाडीवरून मला कोणी खेळणंवाला म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

दिवाळीतल्या किल्ल्याचं उदाहरण देण्याचा मोह होतो. मावळा बुरुजाएवढा, सिंहासनावरचे महाराज त्याहून मोठे, शेजारी अळिवाची शेती, आणि बघायला आलेला कोणीही तिथे व्हर्निअर काढत नाही. पण हे उदाहरण माझ्या बाजूनं नीट बसत नाही, कारण किल्ला करणारा पोरगा 'तंतोतंत राजगड' अशी पाटी लावत नाही. जाऊ दे.

'फक्त गोंद लावला' याबद्दल. तुम्ही साचे बनवलेत, तेव्हा साच्यातून निघालेल्या मालाचं पुढे काय होतं हे तुम्हाला सांगायला नकोच. फक्त ते निस्तरणारा माणूस कोण असतो ते सांगतो. दोन साचे जिथे मिटतात तिथली पार्टिंग लाइन बॉडीवर समोरच्या चाकापासून बॉनेटच्या कडेनं थेट छतापर्यंत जाते. ती पॉलिश पेपरनं घासायची, आधी ४००, मग ८००, मग पाण्यात १५००, आणि घासताना शेजारची दाराची रेघ जाऊ द्यायची नाही. माल साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल खड्डे नेमके आतल्या छतावर, काचेतून दिसतील असे. जाड भागावर सिंक मार्क, म्हणजे प्लास्टिक आकसून पडलेले खळगे. (किटचे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीला आम्ही सगळे 'स्प्रू' म्हणतो, तिला तुम्ही 'रनर' म्हणाल, आणि तुमचंच बरोबर आहे. स्प्रू म्हणजे नोझलपासूनची एकच नळी. हे आमच्यातल्या कोणालाही पटवता येत नाही.)

या जिप्सीचा प्रत्यक्ष गोंद लावण्याचा वेळ सगळा मिळून दोन संध्याकाळी. बाकी साडेतीन महिने जोड आणि रंग. कापलेल्या ठिकाणी स्टायरीनची पट्टी बसवली, फटीत फेविक्विक आणि वर टाल्कम पावडर दाबली. ती दगडासारखी होते, लगेच घासता येते. त्यावर पुट्टी, त्यावर प्रायमर. सगळं काचेसारखं सपाट. तीन आठवड्यांनी पांढऱ्या रंगाखालून जोडाची रेघ भुतासारखी वर आली, कारण पुट्टी सुकता सुकता आकसत राहते आणि मी तिला आठवडाभरही दिला नव्हता. पुन्हा घास, पुन्हा प्रायमर. हे दुसऱ्यांदा करेपर्यंत जुलै उजाडला. पुण्यातला जुलै म्हणजे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि मला क्लिअर लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारायची हुक्की आली. लॅकरमधलं सॉल्व्हंट झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प तिथेच बसतं. पाच मिनिटांत माझ्या पांढऱ्या जिप्सीवर सायीसारखा धुरकट थर. जाणत्यांनी सांगितलं, घाबरू नकोस, कोरडा दिवस बघ आणि हळू उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा एक हलका हात मार, थर पुन्हा ओला होऊन बाष्प निघून जाईल. तसा कोरडा दिवस ऑगस्टच्या शेवटी एक मिळाला. गेला थर. पण तोवर रोज सकाळी उठून मी कपाटातली जिप्सी बघत होतो आणि घरचे मला बघत होते.

माझ्या पहिल्या किटची गोष्टही ऐका, मग 'फक्त गोंद' म्हणा. गाड्यांचा रंग विकणाऱ्या एका दुकानातून मी एनसी थिनर (पत्र्यावरचा रंग पातळ करायचं) आणलं आणि बॉडी पुसून 'स्वच्छ' केली. छतावर बारीक भेगांचं जाळं पडलं, दुष्काळातल्या तळ्यासारखं. दुकानदाराचा दोष नाही, त्यानं विचारलं होतं, "पत्र्यालाच ना?" आणि मी हो म्हणालो होतो, कारण प्लास्टिकच्या गाडीला म्हणायची लाज वाटली.

पैशांचं लवकर उरकतो. साडेतीन हजार गेले, खरं आहे. साडेतीन महिने वाटून घेतले तर महिन्याला हजार. एवढ्यात माझा मित्र महिन्याला दोनदा सिनेमा बघतो आणि तिथे पॉपकॉर्न घेतो. तुळशीबागेतली दीडशेची गाडीही माझ्याकडे आहे, पुल-बॅकची, भाच्यानं दिलेली. तिच्यावर माझा काही राग नाही.

'आपल्या गाड्यांचे किट का करत नाही, जपान्यांचेच का' असंही तुम्ही खाली कोणाला तरी लिहिलंत. काका, करायला आवडेल. प्रीमियर पद्मिनी, पिंपरीत बनलेली १९९१ ची सिएरा, ॲम्बेसेडर: यातल्या एकाचाही १/२४ चा प्लास्टिक किट दुकानात मला तरी दिसलेला नाही. स्टीलचा साचा किती महाग पडतो हे तुम्ही मला सांगाल. म्हणून तर जिम्नी कापावी लागते! सिएरा मी स्टायरीनच्या पत्र्यातून उभी करायला घेतली होती. मागच्या बाजूची ती छतात वळणारी मोठी काच जमेना, तेव्हापासून ती डब्यात आहे.

असो. जिप्सी मी पुन्हा करणार आहे. नवीन किट नाही, हीच. नाना पेठेतून ब्रेक ऑइल आणलं आहे, त्यात बुडवली की प्लास्टिकला धक्का न लागता रंग सुटतो. मात्र पुट्टीही मऊ पडू शकते, तेव्हा तो चौदाचा जोड पुन्हा नव्यानं भरावा लागेल असं धरून चाललो आहे. मग चाकं दोन्ही बाजूंनी १.३५ बाहेर काढायची, आणि तेवढ्याच रुंदीचा ओठ चारही कमानींना लावायचा. क्लिअर कोट दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर. त्याआधी डबीला हात लावणार नाही.

अडचण त्या ओठाची आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीनची पट्टी गरम पाण्यात धरून वळवली तर चारही कमानी चार तऱ्हेच्या होतात; रविवारी दोनदा करून बघितलं. सगळ्या एकाच वळणावर याव्यात म्हणून एखादा छोटा जिग हवा, पट्टी त्यावर दाबून थंड होईस्तोवर धरून ठेवता येईल असा. कमानीची त्रिज्या साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास आहे, कडेला थोडी सपाट होत जाते. पितळेचा करू, ॲल्युमिनियमचा, की लाकडाचा चालेल? आणि पट्टी सुटल्यावर थोडी उलगडते, तर त्रिज्या मुळातच किती कमी धरू?