गोल घुमटात ओरडायचं कसं: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

विजापूरला निघालात ना, मग एक गोष्ट आधी पक्की करा, सकाळी लवकर अजिबात पोचायचं नाही. दार उघडल्या उघडल्या गेलात तर आत चिटपाखरू नसतं, आणि मग तो घुमट भलतंच काहीतरी करून दाखवतो. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर तर आहे, आरामात निघा, वाटेत दोनदा चहा घ्या, रविवारी साडेबाराला पोचा, म्हणजे शाळांच्या सहली, लग्नाहून परतणारं वऱ्हाड अन् तुम्ही, सगळे एकदमच वर चढाल.

खाली थांबू नका. चौथऱ्यावर मोहम्मद आदिलशहा अन् त्याच्या घरच्यांच्या कबरी दिसतात (खऱ्या खाली तळघरात आहेत), तो १६५६ ला गेला, बास, झाला इतिहास. मान वर करायची चूक तर करूच नका, नाहीतर डोक्यात किडा वळवळायला लागतो की दालन चौकोनी, मध्ये एक खांब नाही, मग वर हा सव्वाशे फुटी गोल घुमट टेकलाय तरी कशावर. मग त्या एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी दिसणार, चौकोनाचा अष्टकोन अन् अष्टकोनाचा गोल होताना दिसणार, अर्धा तास तिथंच गेला समजा. बांधणारा याकूत दाभोळचा होता असं सांगतात, म्हणजे आपल्या कोकणातलाच की, पण त्यावर रील होत नाही.

जिना कोपऱ्यातल्या मिनारात आहे, सात मजले, अरुंद. दम लागला की भिंतीला टेका आणि बाईकची किल्ली काढा. जागा मिळणं अवघड आहे, हाताला येईल तिथवर आधीच्यांनी बदाम कोरून ठेवलेत, त्यामुळे मित्राच्या खांद्यावर चढावं लागेल. प्रेम म्हटल्यावर तेवढं आलंच.

वर घुमटाच्या आतल्या गोल सज्जात पोचलात की मेन काम. इथं एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं की आवाज गोल भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो आणि पार पलीकडे बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतो, म्हणून हिला कुजबुजणारी गॅलरी म्हणतात. एवढं कळलं की लगेच बेंबीच्या देठापासून ओरडायचं. 'ओऽऽऽ' चालतं, बायकोचं नाव चालतं, शिट्टी तर बेस्टच. एक आवाज सात-सात वेळा परत येतो, पन्नास जण ओरडले तर साडेतीनशे झाले, तिकिटाचे पैसे वसूल. रखवालदार गप्प बसा म्हणून शिट्टी फुंकतो, तीही सात वेळा वाजते.

मी एकदा चुकून पावसाळ्यात भल्या सकाळी गेलो होतो, म्हणून जीव तोडून सांगतोय. वर मी, एक म्हातारा गाईड आणि कबुतरं. त्याने मला भिंतीपाशी बसवलं, स्वतः चालत चालत पलीकडे गेला, इतका लांब की चेहरा दिसेना, आणि काडेपेटीची काडी ओढली. माझ्या कानापाशीच ओढल्यासारखं वाटून मी दचकून मान मागे घेतली. मग त्याने कागद फाडला, सावकाश, टरटर ऐकू आली. मग कुजबुजला, "साहेब, चहा झाला का?" आणि मी पण का कोण जाणे, हळूच म्हणालो, "नाही अजून." तेवढ्यात खाली बस लागली, जिन्यात पावलं वाजायला लागली, त्याने काडेपेटी खिशात टाकली आणि तिथूनच म्हणाला, "झालं आता."

आता सांगा, असल्या अनुभवाचं करायचं काय? फोनमध्ये रेकॉर्डसुद्धा होत नाही.

इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाचा मकबरा, वगळा, तिथं फार शांत असतं. मलिक-ए-मैदान तोफ मात्र बघाच. १५४९ ला अहमदनगरात ओतलेली, पुढे परांड्याहून इथं आणलेली, ५५ टनांची, तोंडाला हत्ती चावणारा सिंह. इंग्रजांनी १८५४ साली ती भंगारासोबत लिलावात काढली तेव्हा बोली आली १५० रुपयांची, आणि मामलेदाराला ती फारच कमी वाटली म्हणून विक्री अडली, नाहीतर आज तुम्ही फोटो कुणावर हात ठेवून काढला असता? असो. रखवालदाराची पाठ फिरली की सिंहाच्या जबड्यात डोकं घाला आणि एकदा जोरात ओरडून बघा, तिथंही घुमत असणार.