लाल वाटी, पिवयी वाटी

आमच्या भाऊला रंग शिकवायचे ठरले, तेव्हा दोन रविवारांत काम उरकेल असा माझा हिशेब होता. भाऊ म्हणजे माझा मुलगा, वय वर्षं ६. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडे पाळण्यातल्या पोरालाही भाऊच म्हणतात. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या २ ऐवजी ३ प्रती. हट्ट, भूक आणि आजीला पटवायची कला हा सगळा माल मात्र आमच्याच घराण्यातला.

थेरपीच्या बाईंनी पद्धत सांगितली. आधी नुसतं जुळवायचं, लालपाशी लाल. ते बसलं की ‘लाल दे’. ‘हा कोणता?’ हे सगळ्यात शेवटी. एका वेळी दोनच रंग घ्यायचे, आणि वस्तू अगदी एकसारख्या हव्यात, म्हणजे फरक उरला तर रंगाचाच. सेगाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात अशाच मुलांना शिकवताना तीन पायऱ्यांचा धडा बसवला, तो पुढे माँटेसरीबाईंनी उचलला. त्यांच्या रंगांच्या पहिल्या पेटीत लाल, पिवळा, निळा अशा ३ जोड्या, म्हणजे ६ पाट्या असतात. पेटीची किंमत ऐकली आणि मी दोरीवरचे चिमटे काढून आणले. १० लाल, १० पिवळे. (मे महिन्यातला आमच्याकडचा वारा तुम्हाला ठाऊक नसेल. संध्याकाळी माझी बनियन शेजाऱ्यांच्या तुळशीवर सापडली.)

दोन वाट्या मांडल्या, तळाला रंगीत कागद चिकटवला. पहिल्या दिवशी भाऊने एक चिमटा माझ्या कानाला लावला, दुसरा दुसऱ्या कानाला. दोन्ही लाल होते, त्यामुळे जुळवणी झाली असं मी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाटी डोक्यावर. चौथ्या दिवशी मात्र गडी मन लावून बसला. एकेक चिमटा उचलायचा, दाबून बघायचा, इकडे नाहीतर तिकडे ठेवायचा. शेवटी दोन ढीग झाले आणि दोन्हीत लाल-पिवळ्याची खिचडी. मी कपाळावर हात मारला. ढीग आवरायला घेतले तेव्हा कळलं, एका ढिगातल्या सगळ्या चिमट्यांच्या स्प्रिंगा कडक, दुसऱ्यातल्या ढिल्या. २० पैकी एकही चुकला नव्हता. एकसारख्या वस्तू घ्या हे बाई मलाच सांगत होत्या, मी मान डोलावत होतो.

मग प्लास्टिकची बुचं जमवली आणि बक्षीस म्हणून केळीचे वेफर्स आणले. एक बरोबर, एक वेफर. हा करार आईने पहिल्याच दिवशी मोडला. “कायले तरास देतो पोराले? खाऊ दे त्याले!” म्हणत तिने अख्खी पुडी त्याच्या मांडीवर ठेवली. भाऊने एक वेफर निरखला आणि गुपचूप पिवळ्या वाटीत टाकला. मी आनंदाने ओरडलो, “पिवळा!” आई म्हणाली, “पिवयं म्हन. नीट शिकव.” आमच्या बोलीत ळ टिकत नाही, केळ्याचं केय होतं, काळ्याचं कायं. त्यामुळे सकाळी पिवळा, दुपारी पिवया आणि बाईंकडे यलो. हे तीन वेगळे रंग आहेत असं त्याला वाटलं असेल, तर मी तरी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

रंगांच्या तक्त्यावरचं वांगं जांभळं. ते आम्ही पहिल्या दिवशीच बाद केलं. ज्या घरात थंडीभर बामणोदची हिरवीगार भरताची वांगी पोत्याने येतात, तिथे जांभळं वांगं दाखवणं म्हणजे पोराची फसवणूक.

माझ्या शिकवण्याला इथवर थोडा रुबाब होता. तो बायकोने एका वाक्यात उतरवला. “कपाटातली आमसुली साडी आणा.” मी निळी नेली. “ही चिंतामणी.” परत गेलो, दुसरी आणली. “ही मोरपिशी.” तिसऱ्या खेपेला आणलेली डाळिंबी निघाली. म्हणजे तीन पायऱ्यांच्या धड्यात मी चाळिशीत दुसऱ्याच पायरीवर अडकलेलो, आणि वेफरही कोणी देत नव्हतं. भाऊ मात्र दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. चुकलं तरी रागवायचं नाही, हा बाईंचा नियम घरात तोच एकटा पाळतो.

त्यानंतर दीडेक महिना बुचं इकडून तिकडे झाली. कधी जमायचं, कधी बुचं थेट संडासात. वहीत लिहिण्यासारखं फार नाही.

परवा रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी होती. आमच्या भरतात हिरव्या मिरच्या हात न आखडता पडतात. भाऊसाठी कमी तिखटाचं वेगळं काढायचं ते त्या दिवशी गडबडीत राहिलं. मी ताट ओढून घेणार, तेवढ्यात त्याने भरतातून मिरचीचा एक तुकडा निवडला, दिव्याकडे धरला आणि माझ्या ताटात ठेवला. मग दुसरा. तिसरा. वांग्याचा नाही, कांद्याचा नाही, फक्त मिरचीचा. बायकोने घास थांबवला. आई मोजायला लागली. अकरावा तुकडा ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, “हिव्वा.”

शाबासकी लगेच द्यायची असते, उशीर झाला तर मुलाला ती कशाची ते कळत नाही. बाईंनी बजावलेलं आहे. भाऊ माझ्या ताटाकडे बोट दाखवून वाट बघत होता. मी अकराच्या अकरा खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तसा तो जवळ आला, माझा चेहरा नीट न्याहाळला आणि आजीला म्हणाला, “बाबा लाल.”