नमुना दोन ठिकाणी ठेवा

आमच्या सांगलीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. कुणीतरी 'जैविक हल्ल्या'चं फॉरवर्ड टाकलं आणि दोन तट पडले. पहिला म्हणतो, पोलिसांना यातलं काय कळणार, तपास शास्त्रज्ञांकडे द्या. दुसरा म्हणतो, जंतू लॅबमधूनच बाहेर येणार, तेव्हा आधी शास्त्रज्ञांनाच आत टाका. अमेरिकेत हे दोन्ही एकाच प्रकरणात घडलंय.

मी न्यू जर्सीत राहतो. २००१ साली अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पुडी घातलेली पाकिटं टपालाने इथूनच गेली. प्रिन्स्टनच्या नॅसॉ स्ट्रीटवरच्या एका टपालपेटीत त्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं सुप्त, टिकाऊ रूप, सापडले. पाच जण दगावले, सतरा आजारी पडले. हॅमिल्टनचं टपाल केंद्र बंद झालं ते उघडायला मार्च २००५ उजाडला. जानेवारी २००२ मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सुमारे चाळीस हजार सभासदांना पत्र धाडलं: गुन्हेगार तुमच्यापैकी कुणाच्या तरी ओळखीचा असणार, मदत करा. आपल्याकडे असं पत्र निघालं असतं तर 'पोलिसांनी हात टेकले' असा मथळा आला असता. मला मात्र ते शहाणपणाचं वाटतं.

पण मदत करणाऱ्यांत फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ ब्रूस आयव्हिन्सही होते. संशय शेवटी त्यांच्यावरच स्थिरावला. जुलै २००८ मध्ये, आरोपपत्र दाखल होण्याआधी, त्यांनी आत्महत्या केली. खटला उभाच राहिला नाही.

म्हणून ग्रुपवर दुसरा तट मिशीला पीळ देतो. त्यांनी नमुन्याची गोष्ट ऐकावी. फेब्रुवारी २००२ मध्ये आयव्हिन्स यांनी आपल्या फ्लास्कमधला जंतूंचा नमुना तपासासाठी दिला. ठरवून दिलेल्या पद्धतीने तो भरलेला नव्हता, म्हणून एफबीआयने आपल्याकडची नळी नष्ट केली. एप्रिलमध्ये आयव्हिन्स यांनी दुसरा दिला, त्यात काही जुळलं नाही. मात्र पहिल्याची दुसरी प्रत अ‍ॅरिझोनात पॉल काइम या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये तशीच राहिली होती. काही वर्षांनी ती तपासली आणि पाकिटातल्या पुडीशी जुळली. इतक्या मोठ्या तपासाचा धागा एका न फेकलेल्या नळीने धरून ठेवला. उलट आयोवा स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २००१ मध्येच आपला जुना अँथ्रॅक्स संग्रह नष्ट करून टाकला, आणि एफबीआयने हरकतही घेतली नाही! त्यात काय होतं, ते आता कोण सांगणार?

तरीही २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने स्पष्ट लिहिलं की केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून जंतूंच्या उगमाबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही. आणि त्याआधी स्टीव्हन हॅटफिल या दुसऱ्याच शास्त्रज्ञाचं नाव वर्षानुवर्षं टीव्हीवर गाजवलं गेलं. पुढे सरकारला त्यांना लाखो डॉलर मोजावे लागले. पहिली गोष्ट पक्की धरायची घाई आपल्यालाही आहेच. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला २०२२ मध्ये एका कुटुंबातली नऊ माणसं गेली, तेव्हा आधी सामूहिक आत्महत्या ठरली, सावकारांची धरपकड झाली, आणि आठवड्याभरात तपास विष देऊन केलेल्या खुनाकडे वळला.

ग्रुपमधला एक मित्र जिल्ह्यात पशुवैद्यकीय अधिकारी आहे. तो वादात पडत नाही, कारण अँथ्रॅक्स त्याच्या लेखी बातमी नाही. तो गोठ्यातला फाशी रोग आहे. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, की शेतकरी कितीही म्हणाला तरी हा शवविच्छेदन करत नाही. हवा लागली की बीजाणू तयार होतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकतात. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, काच पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवायची, जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. त्याला विचारलं, दुसरी काच ठेवतोस का? म्हणाला, "ठेवली तर ठेवायची कुठं, बाबा? दवाखान्यातला फ्रिज लसींनी भरलेला असतो."

ग्रुपवाल्यांनी यावर भांडावं. शास्त्रज्ञ हवेतच: शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले, मिरजेच्या मेडिकल कॉलेजमधले, औंधचे. पण एकाचा निकाल दुसऱ्याला न सांगता प्रत्येकाला वेगळं विचारावं, आणि ज्याच्या लॅबमध्ये तो जंतू आहे त्याचा नमुना त्याच्या हातून न घेता तिसऱ्याने जाऊन घ्यावा. मी हे लिहिलं तर एकाने विचारलं, "आणि फ्रिजचा खर्च कोण करणार? तुम्ही डॉलर पाठवता का?" त्यावर सत्तावीस हसरे चेहरे आले. मित्राने मात्र खाली फ्रिजचा भाव टाकला.