पृथ्वी फिरवायचीय? आधी हे वाचा

तर तुम्हाला दुर्बिणीतून काहीतरी दिसलंय आणि आता ते गावभर सांगायचंय. थांबा जरा. कोपर्निकसकडून शिका, स्वतः चर्चच्याच नोकरीतला माणूस, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं पुस्तक वर्षानुवर्षं दाबून ठेवलं, छापलं 1543 ला आणि त्याच वर्षी वर गेला, आता बोलवा चौकशीला कुणाला बोलवायचं ते! वर पुस्तक अर्पण केलं थेट पोपला. आणि छपाई बघणाऱ्या ओसियांडरने गुपचूप बिननावाची प्रस्तावना घुसडली की हे खरंच असेल असं नाही हां, नुसती गणिताची सोय आहे. बंदी यायला 1616 उजाडलं. 73 वर्षं!

गॅलिलिओला एवढा दम कुठला. 1610 ला गुरूभोवती चार चंद्र दिसले, की त्याच वर्षी पुस्तक बाजारात. बरं, रोमच्या जेसुइट (म्हणजे चर्चच्याच एका पंथाच्या) पंडितांनी पण दुर्बीण लावून बघितलं आणि हो म्हणाले, सत्कार वगैरे झाला, तेव्हाच गप्प बसायचं ना. (चर्चला आकाशाचं वावडं होतं असं समजू नका, ईस्टरची तारीख काढायला सूर्य त्यांनाही लागायचाच, कॅलेंडर सुधारायला 1582 ला पोपने अख्खे 10 दिवस गायब केले ते काय उगाच?)

आणि लोकांना कळेल अशा भाषेत तर मुळीच लिहू नका. लॅटिनमध्ये लिहा, चार पंडित भांडतील आणि विसरतील. गॅलिलिओने 1632 ला पृथ्वी फिरते की नाही यावर लिहिलं इटालियनमध्ये, तेही गप्पांच्या स्वरूपात! तेव्हाचा पोप अर्बन (आठवा) हा गॅलिलिओचा जुना चाहता, त्याने याच्यावर कविता केलेली. पोपचं आवडतं म्हणणं होतं की देव हवं तसं जग चालवू शकतो, तेव्हा माणसाने ठाम बोलू नये. ते याने घातलं कुणाच्या तोंडी, तर सिंप्लिचोच्या, म्हणजे पुस्तकभर मार खाणाऱ्या भोळसटाच्या. साहेबांचं वाक्य बावळटाच्या तोंडी घालून प्रमोशन मिळालंय का कधी कुणाला?

मग 1633, चर्चची चौकशी, गुडघे टेकून माघार आणि मरेपर्यंत नजरकैद. चर्चची चूक झाली असं पोप जॉन पॉल दुसरे बोलले 1992 ला, त्यामुळे निकालाची घाई असेल तर हा धंदा तुमचा नाही.

आणि हो, घरात एक नन झालेली मुलगी असू द्या. शिक्षेत तीन वर्षं दर आठवड्याला सात स्तोत्रं म्हणायची होती, ती मारिया चेलेस्तेने बापाच्या वतीने स्वतःवर घेतली. पुढच्याच वर्षी ती गेली, 33 वर्षांची. उरलेल्या आठवड्यांचं तुमचं तुम्ही बघा.